पालथा झोपला की घरघर थांबते, मग उताणाच का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझा मुलगा साडेतीन महिन्यांचा आहे. दिवस भरायच्या सात आठवडे आधी झाला, वजन १ किलो ७०० ग्रॅम होतं. तीन आठवडे काचेत ठेवला होता. घरी आणल्यावर श्वास घेताना घशातून घरघर यायला लागली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि लॅरिंगोमलेशिया आहे, वर्ष-दीड वर्षात आपोआप जाईल, असं सांगितलं. दूध पितो, वजनही वाढतंय. पण रात्री उताणा ठेवला की आवाज इतका वाढतो की बाहेरच्या खोलीत ऐकू जातो. पालथा ठेवला की जवळजवळ बंद होतो. काचेत होता तेव्हा सिस्टर त्याला पालथाच ठेवायच्या, मग आता घरी नको का म्हणतात? सासूबाई म्हणतात डोक्याखाली उशी दे, धुरी दे. त्यात चार दिवसांपासून सर्दी झाली आहे. हे सातपूरला कंपनीत आहेत, सेकंड शिफ्ट असते. मला झोपच लागत नाही. रात्रभर त्याला छातीवर घेऊन खुर्चीत बसते. बाळाचा प्राणवायू आणि ठोके मोजणारं, पायात घालायचं मशीन ऑनलाइन मिळतं, ते घ्यावं का?
— एक आई, नाशिक

उत्तर : अगं, आधी खुर्चीबद्दल बोलते. ती गोष्ट तू जाता जाता लिहिली आहेस आणि मला धास्ती वाटली ती तिचीच. हे वाचशील त्या रात्रीपासून बाळाला छातीवर घेऊन खुर्चीत बसणं बंद कर. रात्रीमागून रात्री जागलेल्या बाईला डुलकी कधी लागते ते तिचं तिला कळत नाही. हात सैल पडतो, बाळ हळूच घसरतं आणि त्याचं नाक तुझ्या दंडात नाहीतर खुर्चीच्या गादीत दबतं. त्याची मान अजून धरलेली नाही, डोकं उचलून ते बाजूला होऊ शकत नाही. मोठ्या माणसाला झोप लागून तान्ह्या बाळाचा जीव जाण्याच्या घटनांत सोफा आणि आरामखुर्ची या जागा पलंगापेक्षाही वाईट ठरल्या आहेत. रात्री पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल तर खाली घट्ट गादीवर पाज, आजूबाजूच्या उशा, गोधड्या, शाली आधीच उचलून ठेव, आणि जाग आली की लगेच त्याला त्याच्या जागी ठेव. दिवसा तू टक्क जागी असताना त्याला छातीशी धर, कांगारूसारखं उघड्या अंगाला अंग लावून धर, हवा तितका वेळ धर. त्याने त्याचं भलंच होईल.

आता तुझा मूळ प्रश्न. पालथं ठेवलं की आवाज कमी होतो हे तुझं निरीक्षण अगदी बरोबर आहे. घरच्यांनी तुला खुळ्यात काढलं असेल तर त्यांनाही हे वाचून दाखव. लॅरिंगोमलेशियात स्वरयंत्राच्या वरचा भाग अजून मऊ, लेचापेचा असतो. कागदी नळीने घट्ट लस्सी जोरात ओढली की ओली नळी आतल्या आत चिकटते ना, तसं काहीसं त्याच्या प्रत्येक श्वासाला होतं. हवा आत ओढली की तो मऊ भाग आत खेचला जातो, वाट अरुंद होते, हवा थरथरत जाते आणि आपल्याला घरघर ऐकू येते. उताणं असताना हा भाग आणि जीभ दोन्ही मागे झुकतात म्हणून आवाज चढतो, पालथं असताना पुढे येतात म्हणून उतरतो. रडताना, दूध पिताना, सर्दीत तो आणखी चढतो. तान्ह्या बाळांच्या घशातल्या अशा आवाजाचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत आवाज सुरू होतो, चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतो आणि दीड-दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचा जातो. म्हणजे पुढचे काही महिने तो वाढला तरी बिघडलं असं लगेच समजू नकोस.

मग पालथं का नको? आवाज कमी होणं आणि बाळ सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या बाळाच्या बाबतीत त्या नेमक्या उलट दिशेला जातात म्हणून. पालथ्या बाळाचं तोंड गादीच्या जवळ असतं. सोडलेलीच हवा ते पुन्हा ओढत राहतं, प्राणवायू कमी होत जातो. त्या अवस्थेत झोप जास्त गाढ लागते. श्वासाला अडचण आली तर दचकून जागं होण्याची जी उपजत सोय बाळाला असते ती मंदावते. अंगही जास्त तापतं. दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळांत ही जागं होण्याची सोय मुळातच कच्ची असते.

हे नुसतं पुस्तकी म्हणणं नाही. पाश्चात्त्य देशांत एके काळी बाळांना सर्रास पालथं झोपवत, आणि धडधाकट बाळं रात्री झोपेत अचानक दगावत. ब्रिटनने १९९१च्या अखेरीस उताणं झोपवण्याची मोहीम सुरू केली. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये पालथं झोपवू नका असं सांगितलं आणि १९९४ पासून देशभर त्याचा प्रचार झाला. पुढच्या दहा वर्षांत तिथे असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. औषध नाही, यंत्र नाही, बाळ कसं निजवायचं एवढंच बदललं. हे मृत्यू सगळ्यात जास्त होतात ते दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात. तुझं बाळ आत्ता त्याच वयात आहे म्हणून मी इतकी अडून बसले आहे. आपल्याकडे पाळण्यात उताणं निजवायची पद्धत जुनीच आहे, ती सोडायचं काही कारण नाही.

काचेत पालथं ठेवायचे हेही खरं. फार लहान, अशक्त बाळांची फुप्फुसं पालथं असताना जास्त चांगली चालतात, म्हणून तिथे तसं ठेवतात. पण तेव्हा त्याच्या पायाला प्राणवायू मोजणारी वायर होती, छातीवर ठोके मोजणाऱ्या चकत्या होत्या, आणि काही खाली-वर झालं की दोन मिनिटांच्या आत सिस्टर हजर होती. घरी यातलं काहीही नाही. म्हणूनच घरी सोडायच्या बरेच दिवस आधी बाळांना उताणं झोपायची सवय लावायची असते. ती गोष्ट तुला तिथे कुणी नीट उलगडून सांगितली नसेल तर चूक तुझी नाही.

कुशीवर ठेवणंही नको. कुशीवरचं बाळ लोळून पालथं होतं, आणि ज्याला त्या अवस्थेची सवय नाही त्याला ते जास्त घातक ठरतं. पाठीला टेकण म्हणून लोड किंवा गुंडाळलेला टॉवेल लावणं तर मुळीच नको.

उताणं झोपलं आणि दूध वर आलं तर श्वासात जाईल, ही भीती जवळजवळ प्रत्येक आजीला असते. तू लिहिलं नाहीस तरी घरात बोलणं झालंच असेल. स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून बघ. पुढे कडक लागते ती श्वासनलिका. अन्ननलिका तिच्या मागे, मणक्याकडच्या बाजूला. बाळ उताणं असलं की श्वासनलिका वर येते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला त्याला चढावं लागेल, ते सहसा चढत नाही, बाळ गिळून टाकतं नाहीतर तोंडातून बाहेर काढतं. पालथं असताना चित्र उलटं होतं, श्वासनलिका खाली येते. लॅरिंगोमलेशियाच्या बाळांना दूध वर येण्याचा त्रास जास्त असतो, त्यामुळे पाजल्यावर ढेकर काढून वीस-पंचवीस मिनिटं त्याला खांद्यावर उभं धर आणि मगच आडवं कर. डोक्याखाली उशी देऊन, पाळण्याच्या पायांखाली विटा ठेवून किंवा गादीखाली चादरींची घडी सारून चढ केला तर दूध वर यायचं थांबत नाही. उलट बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि आधीच अरुंद असलेली वाट मोडून बंद होते. तुझ्या बाळाला उशी म्हणूनच सगळ्यात वाईट. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नको. डोक्याचा आकार हवा असेल तर एक रात्र उशाशी डोकं, एक रात्र पायथ्याशी, अशी दिशा बदलत राहा, आणि दिवसा जागा असताना त्याला समोर बसून थोडा थोडा वेळ पालथा खेळव. पालथं पडायला त्याला नक्की आवडतंय, ती हौस दिवसा पुरव.

उताणं झोपवण्याला अपवाद आहेत. काही बाळांचा खालचा जबडा जन्मतःच फार मागे असतो, जीभ मागे पडून घसा बंद होतो. काहींच्या स्वरयंत्रात आणि अन्ननलिकेत फट असते. अशा बाळांना त्यांचे डॉक्टर मुद्दाम वेगळ्या अवस्थेत झोपवायला सांगतात, पण ते तपासून, प्राणवायू मोजून, लिहून देतात. तुझ्या डॉक्टरांनी तसं काही लिहून दिलेलं नसेल तर नियम एकच : प्रत्येक झोपेला उताणा, रात्री आणि दुपारीही.

आवाजाकडून आता लक्ष श्वासाकडे वळव. घरघर ऐकू येते आहे याचा अर्थ हवा जाते आहे. मला भीती असते ती आवाज बारीक होत जातो आणि छाती मात्र जोरजोरात आत खेचली जाते तेव्हा. तू रात्रभर कान लावून बसतेस, त्याऐवजी दोन मिनिटं नीट बघायला शिक. बाळ शांत झोपलेलं असताना झबलं वर कर, मोबाइलवर एक मिनिटाची वेळ लाव आणि पोट किती वेळा वर येतं ते मोज. पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चुकतं, कारण इतक्या लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतो. भरभर चालतो, मग पाच-सात सेकंद थांबतो, पुन्हा सुरू होतो. दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळांत असं जास्त दिसतं आणि त्यात रंग बदलत नसेल तर घाबरायचं नाही. दोन महिन्यांपुढच्या बाळाचा शांत झोपेतला श्वास मिनिटाला ५० च्या खाली हवा. ५० किंवा त्याहून जास्त आला तर थोड्या वेळाने परत मोज, आणि परतही तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. ६० च्या पुढे गेला तर रात्र असली तरी निघायचं.

मोजताना आणखी दोन जागा बघ. एक, गळ्याच्या तळाशी, दोन हाडांच्या मध्ये, श्वासागणिक पडणारा लहानसा खड्डा. दोन, बरगड्यांच्या खालची कड, पोट सुरू होतं तिथे. लॅरिंगोमलेशियाच्या बाळात बरं असतानाही या जागा थोड्या आत जातात, म्हणून पुस्तकातल्या चित्राशी तुलना करून उपयोग नाही. तुझ्या बाळाचं नेहमीचं काय आहे ते तुला माहीत हवं. त्यासाठी सर्दी-ताप काही नसताना, झोपेत, उघड्या छातीचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेव. शंका आली की नवा काढ आणि दोन्ही शेजारी लावून बघ. हाच व्हिडिओ डॉक्टरांनाही दाखव. दवाखान्यात बाळ रडत असतं, त्यामुळे रात्री तू काय बघतेस ते आम्हाला एरवी कळत नाही.

हे मोजणं सासूबाईंनाही शिकव. जमेल का त्यांना, असं मनात आलं तर गडचिरोली आठव. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या गावांतल्या माणसांना, सुइणींनासुद्धा, बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवून मोजायचं साधं साधन केलं. त्या कामाने बालमृत्यू कमी झाले, त्याचा निबंध १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. न्यूमोनिया ओळखायची ती रीत आज आपल्या आशाताईंच्या हातात आहे. तुमच्या भागात आशाताई येत असतील तर त्यांच्याकडून एकदा समोर बसून शिकून घ्या, दोघीही.

झोपायची जागा कशी असावी ते सांगते. तुझ्याच खोलीत, हात पोचेल इतक्या जवळ, पण अंथरूण त्याचं वेगळं. निदान सहा महिन्यांपर्यंत तरी असंच. लाकडी पाळणा असेल, तळ सपाट असेल, तर उत्तम. नसेल तर जमिनीवर तुझ्या गादीच्या शेजारी त्याची छोटी गादी घाल. नव्याने पिंजलेल्या कापसाची गुबगुबीत गादी नको, वापरून बसलेली, घट्ट झालेली हवी. तळवा दाबून उचलल्यावर खड्डा राहिला तर ती गादी मऊ आहे. वर रबरी शीट, त्यावर सुती चादर चारी बाजूंनी ताणून खोचलेली. बस. उशी, लोड, दुलई, खेळणं, टांगतं घुंगरू, काहीच नको. छत्रीसारखी उघडमीट करणारी मच्छरदाणी चालेल, चालेल काय, लावच, पण ती ताणलेली हवी, बाळाच्या तोंडावर लोंबायला नको.

झोळीबद्दल तू विचारलं नाहीस, तरी नाशकात घराघरांत हूक असतो म्हणून लिहिते. साडीच्या झोळीत बाळ चटकन झोपतं, पण पाठ वाकते आणि हनुवटी छातीवर येते. श्वासाची वाट आधीच अरुंद असलेल्या बाळाला ती नको. गाडीतल्या सीटचं, बाबागाडीचं आणि बाउन्सरचंही तेच. प्रवासात सीटवर झोपला तर घरी पोचल्यावर उचलून सपाट जागी ठेवायचं, झोपमोड झाली तरी चालेल.

नाशकातला डिसेंबर-जानेवारी म्हटला की पांघरुणाचा प्रश्न येतोच. आपण घातलेल्या कपड्यांपेक्षा बाळाला एक थर जास्त, एवढं पुरतं. हातपाय गार लागले म्हणून कपडे चढवत जाऊ नकोस. मानेच्या मागे आणि छातीवर हात लावून बघ, तिथे घाम असेल तर एक थर कमी कर. घरात झोपताना टोपरं, कुंची नको, डोक्यावाटेच बाळ जास्तीची उष्णता बाहेर टाकतं आणि टोपरं सरकून नाकावरही येतं. छातीभोवती दुपटं आवळून बांधणंही या बाळाला नको. सुटी रजई देण्याऐवजी बाह्या नसलेली झोपायची पिशवी शिवून घे. सासूबाईंना शिवणटिपण येत असेल तर त्यांच्या जुन्या सुती साडीच्या दोन-तीन थरांची सुरेख होईल. गळा त्याच्या मानेला बेताचा ठेवा, डोकं आत जाईल इतका मोठा नको, आणि खालून घेर मोकळा, पाय हलवता येतील असा.

सासूबाईंवर रागावू नकोस. बाळ घुरघुरतंय आणि आपण काहीच करत नाही, हे त्यांना सहन होत नाहीये. मालिश त्यांचंच राहू दे, अंघोळ त्यांचीच राहू दे. पण धुरी बंद करायला हवी, आणि तिथे तडजोड नको. ओवा, वावडिंग, धूप, काहीही टाकलं तरी शेवटी तो धूर. या बाळाच्या श्वासाची वाट सुजेल असं काहीही खोलीत नको. अगरबत्ती नको, डास मारायची कॉइल नको, शेगडी घेऊन दार लावणं तर जिवावरचंच, कोळशाच्या विषारी वायूला वासही नसतो. घरात कुणी सिगारेट-विडी ओढत असेल तर बाहेर ओढून आल्यावरही कपडे बदलून, हात धुऊनच बाळाला घ्यायचं. सर्वांत चांगलं म्हणजे ती सुटावीच. कापूर-ओव्याची पुरचुंडी गळ्यात बांधू नका. कापूर तान्ह्या बाळाच्या पोटात किंवा अंगात गेला तर झटके येऊ शकतात, आणि गळ्यातला दोरा फासाचं काम करतो. छातीला चोळायचा बाम दोन वर्षांपर्यंत नको. नाकात तेल-तुपाचे थेंब सोडतात, ते थेंब फुप्फुसात उतरतात आणि तिथे वेगळाच न्यूमोनिया करतात. मधाचं बोटही वर्षभर नको. हे सगळं तू सांगितलंस तर सुनेचं बोलणं होईल, म्हणून डॉक्टरांकडे जाताना एकदा त्यांना बरोबर ने आणि त्यांच्यासमोर विचार.

सर्दीचं आता. हे छापून येईपर्यंत ही सर्दी उतरली असेल, पण पुढची येणारच. या वयाची बाळं जवळजवळ नाकानेच श्वास घेतात, म्हणून नाक चोंदलं की घरघर दुप्पट वाटते. औषधाच्या दुकानात नाकात घालायचे सलाईनचे थेंब मिळतात, साधं मिठाचं पाणीच असतं, पण ते विकतचंच घे, घरी मीठ कालवून करू नकोस. पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी आणि झोपवायच्या आधी, मांडीवर उताणं घेऊन, एकेका नाकपुडीत दोन थेंब सोड आणि थोडं थांब. पातळ झालेला शेंबूड शिंकेबरोबर येतो किंवा गिळला जातो. रबरी पंपाने ओढायचं ते दिवसातून दोन-तीनदाच, सारखं ओढलं तर नाक आतून सुजतं. नाक मोकळं करणारे मोठ्यांचे थेंब वापरायचे नाहीत. वाफेचं भांडं बाळाजवळ आणायचं नाही, भाजलेली बाळं आम्ही दर थंडीत बघतो. शेजारच्या मुलाचं नेब्युलायझरही नको. आणि सर्दी-खोकल्याचं कुठलंही पातळ औषध दुकानातून आणू नकोस. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खोकल्याच्या विषारी औषधाने मुलं दगावली, तेव्हा केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊ नयेत असं बजावलं होतं. दूध एका वेळी कमी आणि जास्त वेळा पाज. सर्दीचा जोर बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी असतो, त्या रात्री जास्त लक्ष ठेव. बाहेरून सर्दी घेऊन आलेल्या पाहुण्याला बाळाजवळ येऊ देऊ नकोस. त्यांना राग आला तर येऊ दे.

मशीन घेऊ नकोस. पायात घालायची ही यंत्रं बाळाचा अचानक मृत्यू टाळतात असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. बाळाने पाय हलवला की ती उगाच वाजतात. दहा वेळा उगाच वाजलं की अकराव्या वेळी माणूस उठत नाही, आणि वाजलं नाही म्हणून उशी-रजई चालवून घेतो, हे त्याहून वाईट. मोठ्यांच्या बोटाचा ऑक्सिमीटर बाळाच्या बोटावर चुकीचे आकडे दाखवतो. ज्यांना घरी ऑक्सिजन चालू आहे किंवा ज्यांचा श्वास थांबण्याचे प्रसंग झाले आहेत अशा बाळांना डॉक्टर स्वतः मॉनिटर लिहून देतात, ती गोष्ट वेगळी. त्या पैशांत घट्ट गादी, मच्छरदाणी आणि सलाईन येऊन पुष्कळ उरतील.

उरलेली गोष्ट तुझ्या झोपेची, आणि तिला मी बाळाच्या श्वासाइतकंच महत्त्व देते. नेहमीच्या रात्री कुणीही टक लावून बसायची गरज नाही. बाळ उताणं आहे, सपाट आहे, तोंडावर काही नाही, तू हाताच्या अंतरावर आहेस, की झोपायचं. सर्दीच्या रात्री मात्र वाटून घ्या. साडेआठ-नऊला पाजून तू दुसऱ्या खोलीत जाऊन झोप, तोवर सासूबाई बाळाजवळ. नवरा साडेअकराला घरी येतो, जेवतो, तसाही लगेच झोपत नसेल. दीड-दोनपर्यंत पाळी त्याची. मधल्या वेळेसाठी काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायला काचेत असताना त्यालाही शिकवलं असेल, नसेल तर तू शिकव. काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात खोलीत चार तास टिकतं. पुढे तू, आणि पहाटे सासूबाई उठतात तेव्हा पुन्हा त्या. सलग चार तास झोप मिळाली तर तुझे हात-पाय, डोकं, दूध, सगळं ताळ्यावर येईल. एकच अट, पाळीवर कोणीही असो, बाळाला घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर पेंगायचं नाही. पेंग आली की बाळ खाली, उताणं.

कधी वाट बघायची नाही ते ठळकपणे सांगते. जीभ किंवा हिरड्या निळसर-करड्या दिसल्या (सावळ्या बाळाचे ओठ फसवतात, म्हणून तोंड उघडून आत बघ), श्वास वीस सेकंद थांबला, किंवा कमी वेळ थांबला पण बाळ निळं, पांढरं, लुळं पडलं, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज आला, नाकपुड्या फुलायला लागल्या, छातीचे खड्डे व्हिडिओतल्यापेक्षा खोल गेले, तर १०८ ला फोन करायचा किंवा जवळ असेल तर थेट दवाखान्यात. दूध नेहमीच्या निम्म्यावर आलं, आठ तासांत लंगोट ओला झाला नाही, उठवूनही उठेना, तरीही तसंच निघायचं. बाळ हलेना आणि श्वासही घेईना तर काय करायचं, छाती कशी दाबायची, तोंडाने श्वास कसा द्यायचा, हे वाचून येत नाही. ज्या रुग्णालयात त्याला काचेत ठेवलं होतं तिथे जाऊन सिस्टरना सांग, बाहुलीवर शिकवा म्हणावं. तिघांनीही शिका.

लशी वेळेवर चालू ठेव. दिवस भरायच्या आधी झाला म्हणून लस लांबवायची नसते, जन्मतारखेनेच द्यायची. न्यूमोनियाची पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, चौदाव्या आठवड्याचा डोस झाला नसेल तर या आठवड्यातच घे.

आणि दर आठवड्याला एकाच काट्यावर, कपडे काढून, त्याचं वजन कर आणि लिहून ठेव. या वयात आठवड्याला साधारण दीडशे ग्रॅम वाढायला हवेत. लॅरिंगोमलेशिया सौम्य आहे की नाही हे आवाजापेक्षा वजन जास्त खरं सांगतं. श्वास घेण्यातच सगळी ताकद जात असेल तर वजन अडतं. दोन आठवडे काटा जागचा हलला नाही, किंवा पिता पिता तो सारखा धाप लागून स्तन सोडायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता वही आणि व्हिडिओ घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. थोड्या बाळांना छोटी शस्त्रक्रिया लागते, आणि ती वेळेवर झाली तर बाळं छान सुधारतात.